नगराचें छायाचित्र

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्यांत एक जुनी म्हण आहे. परंतु दुसऱ्यांनीं बांधलेलीं घरें पाहावीं कशीं, हें आपणांस सहसा कोणी शिकवीत नाहीं. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरांत राहणारा मनुष्य रोज शेंकडों इमारतींसमोरून जातो. तथापि त्यांपैकीं एकीचें तरी तोंड कोणत्या दिशेस आहे, तिचे मजले किती, तिच्या कमानी गोल कीं टोंकदार, असें विचारल्यास तो बहुधा निरुत्तर होतो. आज पुष्कळ घरीं मोबाइल फोन आहे व त्यांत कॅमेराही आहे. त्याचा उपयोग आपलें नगर नीट पाहण्याकडे व त्याची नोंद ठेवण्याकडे कसा करावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

छायाचित्रणकला आणि इमारती यांचा संबंध अगदीं प्रारंभापासूनचा आहे. फ्रान्समधील निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकींतून जें चित्र घेतलें, तें कॅमेऱ्यानें निसर्गावरून घेतलेल्या व आज शिल्लक असलेल्या छायाचित्रांत सर्वांत जुनें मानतात. आणि त्यांत दिसतात तीं घरांचीं छपरें व भिंती. तें उमटण्यास इतका वेळ लागला कीं, तेवढ्यांत सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला व समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलें दिसतें. पुढें १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता गजबजलेला होता, परंतु चित्रांत तो ओस दिसतो. कारण चित्र उमटण्यास कांहीं मिनिटें लागत आणि चालत्या वस्तूची खूण राहत नसे. बुटांस पॉलिश करून घेण्यासाठीं एक गृहस्थ तेवढा एका जागीं उभा होता. त्याची आकृति मात्र उमटली. स्थिर तें उमटतें व चल तें पुसलें जातें, हा नियम आजही खरा आहे. चालणाऱ्या माणसाची आकृति स्पष्ट हवी असेल, तर सेकंदाचा सुमारें अडीचशेवा भाग एवढाच वेळ प्रकाश आंत घ्यावा. उलट तिन्हीसांजेस कॅमेरा तिपाईवर ठेवून कांहीं सेकंद प्रकाश घेतल्यास इमारत रेखीव येते व गर्दी धुक्यासारखी पुसट होते.

आपल्या मुंबईनें ही कला फार लवकर उचलली. १८५४ सालींच येथें फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद तींत होते. पुढील दशकांत कोटाच्या तटबंद्या पडल्या व मोकळ्या झालेल्या जागेवर नवें नगर उठूं लागलें. १८७८ सालीं २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर पुरा झाला. १८८८ सालीं स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञानें योजिलेलें, आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या नांवानें ओळखलें जाणारें स्थानक पुरें झालें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिली गोष्ट प्रकाशाची. ओव्हल मैदानावर हा धडा उत्तम रीतीनें शिकतां येतो. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ व राजाबाई टॉवर या गॉथिक धाटणीच्या दगडी इमारती आहेत, व त्यांचीं तोंडें मैदानाकडे म्हणजे पश्चिमेस आहेत. समोर पश्चिमेच्या बाजूस १९३० नंतर उभ्या राहिलेल्या, गोलाई दिलेल्या सज्जांच्या आर्ट डेको पद्धतीच्या इमारती पूर्वेकडे तोंड करून आहेत. हा सर्व समूह २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत दाखल झाला. सकाळचें ऊन सज्जांच्या ओळीवर पडतें, तेव्हां टॉवरची दर्शनी बाजू सावलींत असते. दुपार कलल्यावर उलट घडतें. म्हणून एकाच जागीं उभें राहून दोन्हीं बाजूंचीं चांगलीं चित्रें एकाच वेळीं मिळणार नाहींत. कोरीव काम टिपावयाचें असेल तर ऊन भिंतीवर तिरपें पडेल अशी वेळ साधावी. सावल्यांवांचून नक्षीचा उठाव दिसत नाहीं. पावसाळ्याचे ढगाळ दिवस मात्र अरुंद गल्ल्यांस सोईचे. कारण कडक ऊन व काळोख यांचा विरोध तेव्हां मावळतो.

दुसरी गोष्ट उभ्या रेषांची. उंच इमारतीजवळ उभें राहून कॅमेरा वर केला, म्हणजे चित्रांत ती मागें कलल्यासारखी दिसते. कारण साधें आहे. आगगाडीचे रूळ समांतर असूनही दूर एकत्र आल्यासारखे दिसतात. तद्वत् भिंतीचा माथा पायथ्यापेक्षां दूर असल्यामुळें तो लहान उमटतो. आपली बुद्धि हा भेद मनांतल्या मनांत दुरुस्त करते. कॅमेऱ्यास बुद्धि नाहीं. उपाय असा कीं, कॅमेरा भिंतीशीं समांतर, सरळ धरावा. मग माथा चौकटीबाहेर जाऊं लागल्यास मागें सरावें, किंवा समोरच्या घराच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून, अर्थात् परवानगी घेऊन, चित्र घ्यावें. इमारतीच्या अर्ध्या उंचीवर उभें राहिलें असतां पायथा व माथा दोन्ही सरळ सांपडतात.

गिरगांवांतील एखाद्या वाडींत मागें सरण्यास जागाच नसते. तेथें सगळें घर एका चित्रांत कोंबण्याचा अट्टाहास करूं नये. जिना, कठडा, तुळईखालचा कोरीव लांकडी टेकू, दारावरची चौकट, असे भाग वेगवेगळे घ्यावे. निदान एका चित्रांत माणूस असावा, म्हणजे पाहणाऱ्यास दाराच्या उंचीची कल्पना येते.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर आहे. वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या सुमारास बांधण्यास आरंभ झाला. आतां त्या पुनर्विकासासाठीं पाडण्यांत येत आहेत. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलींत तेथें पिढ्यान् पिढ्या संसार झाले. राहणाऱ्यांस मोठीं घरें मिळावीं, हें न्याय्यच आहे. परंतु चाळ गेल्यावर ती खोली कशी होती, फळी कोठें होती, सामाईक गॅलरींत संध्याकाळीं किती मंडळी बसत, हें नातवांस दाखविण्यास चित्राशिवाय दुसरें काय उरणार? दुसऱ्या महायुद्धांत वॉर्सा शहराचा जुना भाग जमीनदोस्त झाला, तेव्हां जुनीं चित्रें, छायाचित्रें व वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं तयार केलेले मोजमापाचे आराखडे यांच्या आधारें तो पुन्हां उभा करण्यांत आला. ज्या विद्यार्थ्यांनीं तीं मापें घेतलीं, त्यांस तीं अशा कामीं येतील हें कोठून ठाऊक असणार!

मात्र एक मर्यादा सदैव पाळावी. चाळीची गॅलरी हा रस्ता नव्हे; तें कोणाचें तरी अंगण आहे. आधीं विचारावें, मग कॅमेरा उचलावा. आणि नको म्हटल्यास नमस्कार करून परत फिरावें. कोणाचें दारिद्र्य हा आपल्या करमणुकीचा विषय करूं नये. जेथें पहारेकरी मनाई करील तेथें वाद घालूं नये, आणि चित्राच्या नादांत रस्त्याच्या मध्यें तर कधींच उभें राहूं नये.

शेवटचें काम घरीं बसून करावयाचें. प्रत्येक चित्रासोबत स्थळ, तारीख, वेळ, कोणत्या दिशेस पाहून तें घेतलें, व तेथील वृद्धांनीं काय माहिती सांगितली, हें वहींत लिहून ठेवावें. निनांवी चित्र वीस वर्षांनीं घरच्या माणसांसही ओळखतां येत नाहीं. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गल्लींतील एकच जुनी इमारत निवडावी, आईवडिलांस वा आजोबांस बरोबर न्यावें, सकाळीं व सायंकाळीं मिळून दहा चित्रें घ्यावीं व त्यांखालीं दहा टिपणें लिहावीं. खर्च कांहींच नाहीं, आणि ज्या नगरांत आपण वाढलों त्याची ओळख मात्र जन्मभर पुरेल.