रंगाखालची ओल

मे महिन्यात नांदेडजवळच्या अर्धापुरात भाड्याची खोली बघायला गेलं, की भिंती कोऱ्या करकरीत असतात. बाहेर ऊन रणरणत असतं, आत नव्या रंगाचा वास. घरमालक पंखा लावून दाखवतो, नळ सोडून दाखवतो, पाणी किती वाजता येतं ते सांगतो. ओलीबद्दल कुणी विचारत नाही. त्या उन्हात ते सुचतही नाही. आषाढात दोन-चार दणकट पाऊस झाले, की कपाटामागून नकाशा उमटू लागतो. श्रावणात रंगाचे पोपडे गादीवर पडतात, ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास येतो.

"काका, भिंत पार ओली झाली."

"पाऊस म्हणल्यावर ओल येणारच की. दिवाळीला रंग मारून देऊ."

दिवाळीला रंग खरोखरच दिला जातो. पुढच्या आषाढात नकाशा पुन्हा त्याच जागी उमटतो.

अर्धापूर केळीसाठी नावाजलेलं. इसापूर धरणाचं कालव्याचं पाणी आणि काळी कसदार जमीन यांवर इथल्या बागा उभ्या आहेत. पण केळीला मानवणारी जमीन घराला मानवत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. पाया उथळ असेल तर या फुगण्या-आकसण्यात भिंतही तडकते आणि तडा म्हणजे पावसाला मोकळी वाट. शिवाय ही माती पाणी लवकर सोडत नाही. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसेल, तर दिव्याची वात तेल ओढते तशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते.

ओलीवर वरवरचा थर चढवण्याची सवय मराठवाड्याला जुनी आहे आणि तिची किंमतही जबर मोजून झाली आहे. दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया नि फळ्या, त्यावर मातीचा थर, असं इथलं माळवद. उन्हाळ्यात गारेगार. पावसाळ्यात गळलं, की वर पांढरी माती टाकायची. जुना थर काढून नवा घालण्याची खटपट क्वचितच कुणी करी. वर्षानुवर्षं माती चढत गेली. कुठे फूटभर, कुठे दोन फूट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जमीन हादरली, तेव्हा हे सगळं वजन झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून जास्त माणसं गेली.

अर्धापूरकरांनाही धक्क्यांची ओळख आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा प्रशासनाने आवाहन केलं, की पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांवर असे दगड सर्रास दिसतात. काही वाऱ्यासाठी, काही गळक्या जागेवर अंथरलेलं प्लॅस्टिक दाबून धरायला. खरा इलाज स्वस्तातला आहे. सैल झालेले हुक-बोल्ट कसायचे, त्यांखालचे झिजलेले वॉशर बदलायचे आणि सडलेला पत्रा काढून टाकायचा.

मालक आणि भाडेकरू यांचं भांडण बहुधा "खर्च कुणी करायचा" यावरून पेटतं. त्याआधीचा प्रश्न असतो, पाणी येतंय कुठून? ओलीचं रूप नीट पाहिलं तर ती स्वतःच सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या काठावर पांढरा लोणा फुटलेला असेल, तर पाणी जमिनीतून चढतंय. छतावर किंवा भिंतीच्या माथ्यावर डाग असेल आणि तो पावसाबरोबर वाढत असेल, तर गच्चीचा उतार, कठड्याचा सांधा किंवा तुंबलेली पन्हाळ तपासायला हवी. डाग चैत्र-वैशाखातही ओला राहत असेल, तर पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. भिंतीतला पाइप, शेजारची मोरी किंवा गच्चीवरची भरून वाहणारी काळी टाकी बघावी. चौथी ओल घरातलीच. बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, झरोका बुजवलेला. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते ती बऱ्याचदा यामुळे.

शंका असेल तर घरच्या घरी परीक्षा करता येते. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. पाणी फॉइलच्या वरच्या अंगाला जमलं तर ओल खोलीतल्या हवेतली. मागच्या अंगाला जमलं तर भिंतीतली. दुसरी युक्ती त्याहून सोपी. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. महिन्याभरात डाग रेघेबाहेर किती गेला, हे मोबाइलच्या फोटोत दिसतं आणि मग "मी आलो तेव्हा एवढंच होतं" हा वाद उरत नाही.

एका बाबतीत मात्र दोन दिवसही थांबू नये. ओल्या भिंतीतून वायर गेली असेल आणि बटण दाबताना झिणझिण्या येत असतील, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवायचं.

कायदा भाडेकरूला वाटतं त्याहून जास्त देतो. मार्च २००० अखेर लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी आणि दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच, की वर्षाला ही वजावट वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. महिना ४,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ४८,०००. म्हणजे १२,००० रुपयांपर्यंत. सिमेंट, वाळू, गवंड्याची मजुरी, सगळ्याच्या पावत्या जपून ठेवायच्या.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत आलेल्या ठिकाणांनाच लागू होतो. बाकी ठिकाणी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम १०८ मध्येही, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्याने नोटिशीनंतर केली नाही, तर भाडेकरूने करून भाड्यातून कापावी अशी सोय आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. सहज नजरेस न पडणारा आणि वापराला बाधा आणणारा दोष मालकाला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. मे महिन्यातल्या ताज्या रंगाकडे या नजरेतून पाहण्यासारखं आहे. भाडेकरूवरही बंधन आहे. नेहमीच्या वापरातली झीज सोडली तर जागा घेतली तशी परत द्यायची. त्याच्या हलगर्जीपणाने मोरी तुंबून भिंत भिजली तर भरपाई त्याची.

अडचण असते ती कागदाची. निमशहरी गावांत खोली शब्दावर दिली जाते, नाहीतर अकरा महिन्यांचा छापील करार होतो. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं, की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि तो नोंदवणं मालकाचं काम. करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल, तर कलम १४ मधलं भाडेकरूचं संरक्षण गृहीत धरता येत नाही. गळती कुणी दुरुस्त करायची हे करारातच लिहून घ्यावं लागतं. एका ओळीचं काम, पण चावी हातात येण्याआधी करायचं.

रंगाने ओल झाकण्याची खोड आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या एका कुटुंबाने भाड्याच्या घरातल्या बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक दगावला. दीर्घकाळ बुरशीत राहिल्याने श्वसनाचा विकार होऊन तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीच्या धोक्यावर चोवीस तासांत उपाय करायचा, असं त्यात आहे.

दुरुस्तीलाही हंगाम असतो. भिंत दिवाळीनंतर उघडी पडू द्यायची, पोपडे खरवडायचे, लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि हिवाळा-उन्हाळा तिला वाळू द्यायचं. जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा केला, तर आतली ओल बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढते. तिथे चुन्याचा गिलावा बरा. गच्चीचं काम मृग लागण्याआधी आटपायचं आणि पावसाची वाट न बघता गच्चीवर पाणी साठवून चोवीस तास तपासायचं.

आणि नवी खोली बघायला जाणाऱ्याने पंखा, नळ बघून झाल्यावर कपाटाची जागा बघावी. भिंतीचा खालचा हातभर भाग हाताने चाचपावा. रंग तिथेच तेवढा ताजा असेल, तर मालकाशी बोलण्याआधी शेजारी डोकावून विचारावं: "वहिनी, आधीची माणसं श्रावणात कपाट कोणत्या भिंतीला लावायची?"