दहीसाखर, मेंदू आणि अल्डोलेज

परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवायची रीत घराघरांत आहे. रीत छान आहे, पण त्या चमचाभर साखरेनं मेंदू तल्लख होत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. ते भाकरीतूनही मिळतं, आणि जेवण लांबलं तर यकृत आपल्या साठ्यातून रक्तात सोडतं.

पेशीत ग्लुकोजचं विघटन दहा पायऱ्यांनी होतं. चौथ्या पायरीवर अल्डोलेज हा विकर, म्हणजे एन्झाइम, सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतो. त्याचे प्रकार तीन: स्नायूंत मुख्यतः ‘ए’, यकृतात ‘बी’, मेंदूत ‘सी’. ‘सी’चं जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं. ‘सी’ मेंदूत असतो म्हणून काही जण या जनुकाला थेट बुद्धीचं जनुक करून टाकतात. पण मेंदूत ‘ए’सुद्धा असतोच. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींत तर ‘सी’ पट्ट्यापट्ट्यांनी आढळतो: एका पट्टीत भरपूर, शेजारच्या पट्टीत अगदी कमी. झेब्र्यावरून ‘झेब्रिन’ म्हटलं गेलेलं हे प्रथिन म्हणजे अल्डोलेज सी, हे १९९४ साली कळलं. कमी ‘सी’ असलेल्या पेशीही साखर जाळतातच. तेव्हा या जनुकाच्या चाचणीवरून मुलाची हुशारी सांगतो असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा.

गोड खाल्ल्यानं खरा घात होतो तो ‘बी’ बिघडला तर. त्याचं जनुक ९व्या गुणसूत्रावर. आई-बाबा दोघंही धडधाकट, पण दोघांकडून सदोष प्रत आली तर बाळाला फ्रुक्टोज पचवता येत नाही. आईच्या दुधात फ्रुक्टोज जवळपास नसतंच, म्हणून अंगावर पिणारं बाळ ठणठणीत असतं. मग मध, फळाचा रस किंवा साखर घातलेली पेज सुरू होते आणि उलट्या लागतात, रक्तातली साखर घसरते, यकृताला इजा होते. घरात नजर काढली जाते. खरं तर फ्रुक्टोज बंद करायला हवं, आणि त्यात मोसंबीचा रस, गूळ आणि साधी साखरही आली, कारण साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजच असतो. (मध तर बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला चाटवू नये.)

काहींचं निदान मोठेपणीच होतं. गोड खाल्लं की त्रास होतो हे त्यांनी लहानपणीच ओळखलेलं असतं, म्हणून ते गोड टाळतात. घरचे त्यांना नखरेल म्हणतात, आणि त्यांच्या दातांना कीड मात्र सहसा लागलेली नसते.