तारखेतून तारीख कशी वजा करावी?

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव आहे. तेथे खुदावंद खान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी पण देखणी मशीद आहे. तिला किती वर्षे झाली, हे तुम्ही तोंडीच सांगाल. पण किती दिवस झाले? येथे मात्र थबकावे लागते. त्याच वर्षी पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारले आणि रोममध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला!

हिशेबाच्या संगणकाला तारखांची कटकट रोजचीच. समजा, एखाद्या पतसंस्थेने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी ३० दिवसांसाठी कर्ज दिले. मुदत २९ मार्चला संपेल. तेच कर्ज २०२३ मध्ये दिले असते, तर ३० मार्चला. एक दिवस चुकला, तर कर्जदाराला नाहक एका दिवसाचे व्याज पडेल.

यावर युक्ती अशी, की १ जानेवारी १९०० ला १ क्रमांक द्यायचा आणि पुढे दिवस मोजत जायचे. एक्सेलमध्ये २८ फेब्रुवारी २०२४ चा क्रमांक ४५३५० आहे. त्यात ३० मिळवा, झाले!

नोंदी शोधणेही सोपे होते. तारखा अक्षरे म्हणून लावल्या, तर ०५-१२-२०२३ ही २८-०२-२०२३ च्या आधी येते, कारण संगणक डावीकडून पाहतो. क्रमांकांनी लावलेल्या हजार नोंदी असतील, तर मधली नोंद पाहून निम्मा भाग सोडून द्यायचा, पुन्हा तसेच. फार तर दहा तुलनांत हवी ती तारीख सापडते. (का दहा? २ चा दहावा घात काढून पाहा.)

पण या मोजणीतही एक खोट आहे. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच लीप. म्हणजे १९०० लीप नव्हते. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने ते लीप धरले आणि कधीच न उगवलेल्या २९ फेब्रुवारी १९०० ला ६० क्रमांक दिला. लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तेच ठेवले! १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांच्या वजाबाकीत ही चूक दोन्हीकडे सारखी असल्याने उडून जाते. एक तारीख अलीकडची आणि दुसरी पलीकडची असली, की एक दिवस जास्त येतो. शाळेच्या संगणकावर २८ फेब्रुवारी आणि १ मार्च १९०० घालून पाहा.

रोहिणखेडच्या मशिदीचे वर्ष मात्र घालू नका. १९०० पूर्वीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही.