रात्रीचे छायाचित्र : ओरत्तनाडूच्या छत्रापुढे कॅमेरा कसा लावावा

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या मार्गावर ओरत्तनाडु हे गाव आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे छत्र, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्र, उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना तेथे अन्न व आसरा मिळत असे. अशा वास्तूचे रात्री टिपलेले छायाचित्र बहुधा निराशा करते. जवळचा खांब पांढराफटक आणि मागची भिंत काळीकुट्ट. याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे.

फ्लॅश का फसतो?

अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश एक-चतुर्थांश उरतो. २ मीटरवरील खांबाच्या तुलनेत ८ मीटरवरील भिंतीला केवळ सोळावा हिस्सा मिळतो. शिवाय समोरून पडलेल्या प्रकाशात सावल्या नाहीशा होतात आणि कोरीवकाम सपाट भासते. त्यामुळे फ्लॅश बंद ठेवावा.

वेळ आणि स्थैर्य

सूर्यास्तानंतर आकाश गडद निळे असते आणि दिवेही लागलेले असतात, तो काळ सर्वांत अनुकूल. विषुववृत्ताजवळच्या या भागात संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो. म्हणून जागा उजेडातच निश्चित करावी. खाचखळगे आणि विंचूकाटाही तेव्हाच पाहून घ्यावा.

कॅमेरा तिपाईवर ठेवावा. तिपाई नसल्यास कठड्यावर टेकवावा. बटण दाबताना बसणारा हादरा टाळण्यासाठी २ सेकंदांचा टायमर लावावा. आयएसओ वाढविल्यास चित्रात दाणे उमटतात. कमी ठेवल्यास शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागते. आयएसओ १६०० वर १ सेकंद पुरत असेल, तर १०० वर १६ सेकंद लागतील. मोबाइलमधील रात्रीची सोय अनेक चित्रे जोडून हेच साधते. तेव्हाही हात स्थिर हवा.

बाजूचा प्रकाश

शटर उघडे असताना साधी विजेरी भिंतीलगत बाजूने धरून हळूहळू फिरवावी. तिरप्या प्रकाशात कोरीवकामाचा उठाव, चुन्याचे पोपडे आणि बारीक भेगाही स्पष्ट होतात. वास्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ पाहणीसाठी हीच पद्धत वापरतात.

येथेच या छायाचित्रांचे खरे मोल आहे. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणि त्याच दिशेच्या प्रकाशात टिपलेली चित्रे शेजारी ठेवली, तर कोणती भेग वाढली हे सांगता येते. त्यासाठी मूळ फाइल आणि दिनांक जपून ठेवावा.

छायाचित्रणापूर्वी स्थानिक प्रशासनाची अनुमती घ्यावी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासारख्या, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील वास्तूंमध्ये तिपाईसाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते.