तीन गुणांची वाटणी

पेपर तपासायला बसण्याआधी मी तो स्वतः सोडवते. दहावीच्या सहामाहीत बीजगणिताचा एक प्रश्न होता: दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे, तर त्या संख्या काढा. गुण तीन. समीकरण मांडल्याचा एक, अवयव पाडल्याचा एक, उणे किंमत नाकारून १२ आणि १४ लिहिल्याचा एक. ही वाटणी कागदावर उतरेपर्यंत लाल पेन हातात घ्यायचं नाही.

गणितात उत्तर एक तर बरोबर किंवा चूक, तिथे डावं-उजवं कसं होणार, असं लोकांना वाटतं. १९१३ साली स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कुणी तिसाहून कमी गुण दिले, कुणी नव्वदाहून जास्त.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो. वर्गात तर मुलांचं अक्षरही ओळखीचं. म्हणून पहिलं पान मागे दुमडते आणि एकेक प्रश्न अख्ख्या गठ्ठ्याचा तपासते. पहिला प्रश्न सगळ्यांचा झाला, की गठ्ठ्याचा क्रम बदलून दुसरा. एकाचा पेपर सलग तपासला, तर पहिल्या उत्तरावरून झालेलं मत शेवटच्या उत्तरापर्यंत सोबत येतं.

एकाने अवयवांत चिन्हांची अदलाबदल केली, उत्तर आलं १४ आणि १६. अवयवांचा गुण गेला. पण उणे बारा ही किंमत त्याने कारण देऊन नाकारली होती, तो गुण त्याचा. एका चुकीची शिक्षा एकदाच.

एका मुलीने अवयव पाडलेच नव्हते. दोन संख्यांच्या मधली संख्या तिने क्ष मानली. क्षपेक्षा एकाने लहान आणि एकाने मोठ्या संख्येचा गुणाकार १६८, म्हणजे क्षचा वर्ग १६९ आणि क्ष तेरा. पूर्ण तीन गुण. ही रीत वाटणीत लिहून घेतली आणि आधी तपासलेले पेपरही तिच्यासाठी पुन्हा चाळले.

चाळीसच्या पेपरात ३५ टक्क्यांची रेघ १४ वर येते. तेरावर अडकलेल्याचा पेपर पुन्हा बघावासा वाटतोच. तो उघडला, तर पंधरावाल्याचाही उघडते.

पेपर परत देताना वाटणी फळ्यावर लिहिते. गुण मागायला आलेल्याला एवढंच विचारते, ‘कुठल्या पायरीचा?’ त्याने पायरी दाखवली, तर गुण वाढतो. माझा गुण नेमका कुठे गेला, हे मुलाला स्वतः सांगता आलं, तरच तो कापण्याचा मला अधिकार आहे.