घर विकेना, भाव उतरेना

नांदेड-लातूरकडे घरांच्या बाजारात मंदी आली आहे, हे भावावरून कधीच कळत नाही. भाव आहे तिथेच असतो. मंदी कळते ती एजंटाच्या वागण्यावरून. एरवी फोन न उचलणारा माणूस रविवारी सकाळी स्वतःहून फोन करतो, "सर, घरीच आहात ना? गाडी घेऊन येतो," म्हणतो आणि मॅडमनाही सोबत घ्या म्हणून आग्रह करतो. घर दाखवून झाल्यावर आकडा मात्र गेल्या वर्षीचाच सांगतो. थोडे कमी होईल का, असे विचारले की ठरलेले उत्तर येते : "बसू की ओ. बसल्यावर बोलू."

माझी नोकरी लातुरात, बायकोची नांदेडजवळच्या शाळेत. कोणी कोणाकडे जायचे हे ठरत नव्हते, म्हणून आम्ही दोन्हीकडे घर बघत होतो. या दोन शहरांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. २००९ साली मंत्रिमंडळाने नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचे ठरवले, तेव्हा लातूर रस्त्यावर उतरले होते आणि तो विषय त्यानंतर रखडतच गेला. पण घर विकायची रीत दोन्हीकडे एकच. आयुक्तालयाच्या नुसत्या चर्चेवर नांदेडच्या एजंटाने आम्हाला प्लॉटचा भाव समजावून सांगितला. लातुरात तेच काम हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याने केले. त्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ला झाले, आणि त्या भागातल्या प्लॉटिंगच्या जाहिरातींत तो अजूनही 'लवकरच' सुरू होत असतो. घोषणा झाली की भाव चढतो. घोषणा लांबली म्हणून तो उतरल्याचे मी पाहिलेले नाही.

घर बघताना विचारायचे प्रश्न मात्र दोन गावांत वेगळे आहेत. लातुरात पहिला प्रश्न पाण्याचा : बोअर किती फुटांवर, आणि मे महिन्यात चालते का? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. म्हणून जाणते लोक इथे घर उन्हाळ्यात बघतात. दिवाळीत बघितलेल्या बोअरचा भरवसा धरत नाहीत. दुसरा प्रश्न कॉलमचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. बहुतेक घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची होती. त्या पिढीतली माणसे आजही नव्या घरात शिरली की रंग किंवा फरशी बघण्याआधी "लोड बेअरिंग आहे का आरसीसी?" असे विचारतात. माझ्या सासऱ्यांनी एका घराच्या पार्किंगमध्ये खांबाला वीत लावून माप घेतले होते.

नांदेडला गोदावरी आणि आसना आहेत, त्यामुळे तिथे पूररेषा विचारावी लागते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंटाला दोन्ही माहीत असतात आणि दोन्हींचा उल्लेख तो टाळतो. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्या दिवशी जाऊन प्लॉट बघावा, हा मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला. तो एका रिक्षावाल्याने दिला. जमीन हलण्याची भीतीही नांदेडला आता नवी राहिलेली नाही. २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेडकरही घराबाहेर आले होते.

हे सगळे प्रश्न विचारून झाल्यावरही घराची किंमत कळत नाही, कारण ती एक नसते. लातुरात औसा रोडच्या आतल्या बाजूला आम्हाला एक रो हाऊस आवडले. मालकाने ४५ लाख सांगितले. बँकेच्या मूल्यांकनकाराने ३६ लाख काढले. सरकारी रेडी रेकनरप्रमाणे ते ३० लाखांच्या आतच बसत होते. मग मालकाने मार्ग सुचवला : रजिस्ट्री ३० लाखांची करू, वरचे १५ 'तसेच' द्या.

आता पगारदार माणसाने हिशेब करावा. ३० लाखांच्या करारावर बँक जास्तीत जास्त ९० टक्के, म्हणजे २७ लाख देणार. उरलेले तीन लाख आपले. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांप्रमाणे १ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि हे दोन्ही खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. त्यावर रोख १५ लाख. ४५ लाखांचे घर कर्जावर घ्यायला निघालेल्या माणसाला २० लाख १० हजार रुपये स्वतःच्या खिशातून काढायचे आहेत, आणि त्यातले १५ लाख खात्यातून काढायचे तर बँक विचारणार की कशाला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५पासून आयकर कायद्याची बंदी आहे. पकडले गेल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. मालकाला मी हे सांगितले. तो हसून म्हणाला, "सर, सगळं गाव असंच घेतंय." पुढे व्यवहार फिस्कटला तर कोर्टात फक्त कागदावरचे ३० लाख दिसतील, वरच्या पंधराची पावती कुठेच नसेल, ही गोष्ट मात्र त्याने बोलून दाखवली नाही.

आम्ही नाही म्हणालो. ते घर अजून बंद आहे. मध्यंतरी एजंटाने कळवले की मालक आता ४७ म्हणतोय.

हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. गिऱ्हाईक नाही, घर धूळ खातेय, तरी भाव दोन लाखांनी वाढतो कसा? उत्तर एका ओळखीच्या मूल्यांकनकाराने दिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा घरांवर कर्जच नसते. डॉक्टर, आडत व्यापारी, क्लासवाले, रस्त्यात जमीन गेल्यामुळे मावेजा मिळालेले शेतकरी यांनी ती पैसा ठेवायला घेतलेली असतात. हप्ता नाही, त्यामुळे विकायची घाई नाही. महिन्याला खर्च काहीच नाही म्हटले तरी चालेल. पुण्या-मुंबईत बिल्डरच्या डोक्यावर व्याज असते, त्याला कधीतरी नमते घ्यावे लागते. इथला मालक पाच वर्षे वाट बघू शकतो, आणि बघतो. लातुरात तर रिकामा मजला विद्यार्थ्यांना भाड्याने देता येतो. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या भोवती जे शिकवणीचे गाव वाढले, त्याने खोल्यांना कायमचे गिऱ्हाईक दिले. त्यामुळे राहायला घर घेणाऱ्याची गाठ नेहमी खोल्या पाडून भाडे कमावणाऱ्याशी पडते, आणि तो दुसरा रोखीने येतो.

मंदीचा मार बसतो तो सौद्यांना. सोयाबीन हे या भागातले नगदी पीक. २०२१मध्ये लातूरच्या बाजारात त्याने क्विंटलला दहा हजारांच्या आसपास मजल मारली होती. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना माल त्याच्या बराच खाली विकला गेला. इथल्या इसारपावत्यांवर मुदत बघा : 'दिवाळीनंतर', 'माल विकल्यावर'. माल पडून राहिला की खरेदीखत लांबते, मुदतवाढीसाठी पुन्हा बैठक, पुन्हा चहा. एका इसारपावतीच्या मागे मुदतवाढीच्या इतक्या सह्या होत्या की नवीन कागद जोडावा लागला होता.

घराचे जमले नाही म्हणून आम्ही प्लॉट बघू लागलो. इथे खरा गुंता आहे. मराठवाड्यात प्लॉटचा इतिहास सातबाऱ्यापाशी संपत नाही. १९४८पर्यंत हा निजामाचा मुलूख, महसुलाचे जुने कागद उर्दूत. नांदेडला एका वकिलांनी आमच्यासाठी सर्च घेतला, तेव्हा खासरा पत्रकाची नक्कल वाचायला त्यांनी एका वयस्क गृहस्थांना बोलावले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून एका ओळीवर बोट ठेवले : मदतमाश. म्हणजे निजामाच्या काळात कोणाला तरी उदरनिर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन. अशी जमीन मोकळी करून घ्यायला आधी बाजारभावाच्या निम्मा नजराणा होता. २०२४मध्ये सरकारने तो पाच टक्क्यांवर आणला. तो भरला आहे का, एवढेच बघायचे. भरलेला नव्हता. त्या मूळ गटावर मात्र घरे उभी राहून लोक राहायलाही आले होते, दारांत तुळशी होत्या.

त्याशिवाय 'बाँडवरचे' प्लॉट आहेत. एकराचे तुकडे पाडायचे, तीस बाय चाळीसच्या खुणा रोवायच्या आणि नोटरी करून मुखत्यारपत्रावर विकायचे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले. तरीही असे प्लॉट विकले जातात, कारण ते स्वस्त असतात आणि पगाराच्या जोरावर बँकेचे कर्ज ज्यांना मिळत नाही त्यांना दुसरे काही परवडत नाही.

आणि नियमांचे काय? १२ जुलै २०२१ला नोंदणी महानिरीक्षकांचे परिपत्रक आले, आणि शहराबाहेरच्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या थांबल्या. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. ऑगस्ट २०२३मध्ये सरकारने किमान क्षेत्र ठरवले : बागायत दहा गुंठे, जिरायत वीस. २०२५च्या जुलैत महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात जुने तुकडे नियमित करण्याची घोषणा केली, वर्षाअखेरीस अध्यादेशही आला. अधूनमधून गुंठेवारीची मुदत वाढतच असते. २००१च्या कायद्यातली ती मुदत २०२१मध्ये ३१ डिसेंबर २०२०पर्यंत नेली. दरवेळी नियम सैल झाला की बाँडवर घेणाऱ्याचा फायदा होतो. ज्याने कायदा पाळून महागडा मंजूर लेआऊटचा प्लॉट घेतला, त्याला कोणी विचारत नाही. गरिबाचे डोक्यावरचे छप्पर नियमित व्हावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण पाडणाऱ्याने तुकडे पाडून पैसे घेतले आणि तो पुढच्या गटाकडे गेला, त्याला या सगळ्यात काहीच तोशीस लागली नाही.

महारेरा आहे ना, असे पुण्यातले मित्र विचारतात. आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प नोंदवावा लागत नाही. या दोन शहरांत आम्ही बघितलेल्या बहुतेक इमारती बरोब्बर आठ फ्लॅटच्या होत्या. एका बिल्डरला विचारले, जागा तर मोठी दिसते, आठच का? तो म्हणाला, "आठ म्हणजे घरच्यासारखं राहतं." नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ घेता येत नाही, आणि खरेदीदारांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. घरच्यासारख्या इमारतीत यातले काही लागू नाही.

म्हणून सगळा भार येतो इसारपावतीवर. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी दोन लाख इसार दिला. पुढे बँकेने लेआऊट मंजूर नाही म्हणून कर्ज नाकारले, आणि मालकाने 'मुदतीत व्यवहार केला नाही' या कलमाखाली इसार ठेवून घेतला. दोष कागदाचा, तो कागद मालकाचा, आणि दंड भरला घेणाऱ्याने. छापील इसारपावतीत घेणाऱ्याच्या बाजूचे एकही वाक्य नसते. कर्ज काढून घर घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : इसार धनादेशाने किंवा खात्यातून द्या, आणि पावतीत एक ओळ हाताने लिहून घ्या. मालकीच्या कागदांमुळे किंवा मूल्यांकनामुळे बँकेने कर्ज नाकारले, तर इसाराची पूर्ण रक्कम तीस दिवसांत परत. खाली मालकाची सही.

आम्ही ही ओळ मागू लागलो तेव्हा लातुरात बहुतेक मालकांनी कानावर हात ठेवले. नांदेडला तरोड्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी ती लिहून दिली, किंमतही पूर्ण कागदावर घ्यायला ते तयार झाले. त्यांनी भाव मात्र एक रुपयाही कमी केला नाही. कर्जाचा अर्ज सध्या बँकेत आहे.