फ्रंटपेजची दोन अंगे
वेबचे कारागीर : भाग ६

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचता येई आणि तिथल्या तिथे लिहिताही येई. पुढे १९९३ मध्ये मोझेक आला. वेब सामान्य माणसापर्यंत नेण्याचे मोठे श्रेय त्याचे, पण त्यात पान लिहिण्याची सोय नव्हती. वाचणाऱ्याला माउस पुरेसा होता. लिहिणाऱ्याने मात्र नोटपॅडमध्ये एचटीएमएलचे टॅग हाताने टंकायचे, फाइल एफटीपीने सर्व्हरवर चढवायची, ब्राउझरमध्ये उघडून काय बिघडले ते पाहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ही अडचण म्हणजे धंद्याची संधी आहे, हे ज्यांनी हेरले त्यांत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली एक छोटी कंपनी होती : वर्मीर टेक्नॉलॉजीज.

चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड या दोघांनी १९९४ मध्ये ती केंब्रिजला काढली. फर्ग्युसन एमआयटीतून राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवून तंत्रज्ञान कंपन्यांना सल्ला देणारे, तर फोरगार्ड हाडाचे प्रोग्रॅमर. कंपनीला नाव मिळाले सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचे. टॅग न दाखवता पान घडवू देणारे संपादक त्या काळात इतरांचेही येत होते. अडोबीने पेजमिल त्याच सुमारास बाजारात आणले. वर्मीरचे वेगळेपण पडद्यावर दिसत नव्हते, कारण ते सर्व्हरवर होते.

ते समजण्यासाठी १९९५ ची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. एखाद्या दुकानदाराला आपल्या पानावर ‘नाव, पत्ता, मागणी’ असा साधा फॉर्म हवा असला, तरी फॉर्मच्या चौकटी काढून भागत नसे. भरलेली माहिती स्वीकारून साठवणारा एक छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवर लागे. तो बहुधा पर्ल भाषेत लिहायचा, ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायचा, त्याला चालण्याची परवानगी द्यायची. आणि ही परवानगी सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात. पाहुण्यांची संख्या मोजणे, साइटवर शोध घेणे, अभिप्राय गोळा करणे, साऱ्याचीच ही कथा. वर्मीरने यावर तोड काढली. अशा कामांचे तयार प्रोग्रॅम सर्व्हरवर एकदाच बसवून ठेवायचे आणि पान करणाऱ्याने संपादकातून फक्त ‘इथे फॉर्म, इथे काउंटर’ एवढे सांगायचे. सर्व्हरवरच्या या भागाचे नाव फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शन्स. संपादक आणि एक्स्टेन्शन्स ही फ्रंटपेज नावाच्या या मालाची दोन अंगे, आणि पुढचा सगळा इतिहास या जोडीचाच आहे.

फ्रंटपेज १.० ऑक्टोबर १९९५ मध्ये आले. किंमत सातशे डॉलरच्या घरात, म्हणजे गिऱ्हाईक कंपन्यांमधलेच. पण तो काळ भलताच गरम होता. बिल गेट्स यांनी त्या मे महिन्यात आपल्या अधिकाऱ्यांना इंटरनेटच्या भरतीच्या लाटेविषयी टिपण पाठवले होते आणि ७ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टने आपले इंटरनेट धोरण जाहीर केले. जानेवारी १९९६ मध्ये सुमारे १३ कोटी डॉलरला वर्मीर मायक्रोसॉफ्टच्या पदरात पडली. पहिले उत्पादन बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. फर्ग्युसन यांनी पुढे या सगळ्या व्यवहारावर पुस्तक लिहिले, मग ते माहितीपटांकडे वळले. २००८ च्या आर्थिक संकटावरच्या ‘इनसाइड जॉब’साठी त्यांना २०११ मध्ये ऑस्कर मिळाले.

मायक्रोसॉफ्टने किंमत दीडशे डॉलरच्या आसपास उतरवली. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर ‘फ्रंटपेज एक्सप्रेस’ ही हलकी आवृत्ती फुकट मिळू लागली आणि तीच विंडोज ९८ बरोबरही आली. फ्रंटपेज २००० ऑफिसच्या प्रीमियम संचात जाऊन बसले. वर्डमध्ये पत्र लिहिणाऱ्याला वेबपानही तसेच लिहिता आले पाहिजे, हा हिशेब.

आणि ते खरोखरच येत असे. फ्रंटपेज २००० उघडले की खिडकीच्या तळाशी तीन टॅब असत : नॉर्मल, एचटीएमएल आणि प्रीव्ह्यू. बहुतेकांचा मुक्काम पहिल्यावरच. वरच्या पट्टीवर ठळक, तिरपे, अधोरेखित ही वर्डमधली ओळखीची बटणे. ‘थीम’च्या यादीतून एक्सपिडिशन, ब्लेंड्स किंवा सिट्रस पंच निवडले की पार्श्वभूमी, मथळे, बटणे सगळे एका रंगात न्हाऊन निघे. साइटमधल्या एखाद्या फाइलचे नाव बदलले, तर तिच्याकडे नेणारे दुवे फ्रंटपेज स्वतःच दुरुस्त करी. चाळीस पानांची साइट एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला ही सोय किती मोलाची होती, हे दुवे हाताने दुरुस्त केलेल्यालाच कळेल.

हिट काउंटरचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मेनूतून तो निवडला की छोटी चौकट उघडे. तिच्यात आकड्यांचा घाट निवडायचा, किती अंक दिसावेत ते सांगायचे. शिवाय सुरुवात कोणत्या आकड्यापासून व्हावी तेही भरता येई. नव्याकोऱ्या पानाला पहिल्याच दिवशी पाच हजार पाहुणे येऊन गेल्याचे दाखवायचे असेल, तर त्याचीही तजवीज! संपादकात त्या जागी नुसते चौकटी कंसातले ‘हिट काउंटर’ हे शब्द उमटत. खरा आकडा काढणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर, एक्स्टेन्शन्सच्या फोल्डरमध्ये असे. त्या फोल्डरच्या नावात ‘व्हीटीआय’ ही तीन अक्षरे असत. ती वर्मीर टेक्नॉलॉजीज इनकॉर्पोरेटेडची आद्याक्षरे. कंपनी विकली गेली तरी ती कुणी बदलली नाहीत. बदलली असती तर आधीच्या साऱ्या साइट बंद पडल्या असत्या.

म्हणून वेबहोस्टिंग विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत ‘फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स उपलब्ध’ ही ओळ येऊ लागली. विंडोजच्या सर्व्हरवर हे काम सोपे होते, युनिक्स आणि अपाचीसाठीही एक्स्टेन्शन्स मिळत. मात्र साइट अशा होस्टकडून दुसरीकडे हलवली आणि तिथे एक्स्टेन्शन्स नसले, की फॉर्म मुका होई आणि काउंटरच्या जागी तुटक्या चित्राची चौकट दिसे. कुणी सवयीने एफटीपीने फाइली चढवल्या, तर फ्रंटपेजने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदी विस्कटत आणि एक्स्टेन्शन्स पुन्हा बसवावे लागत. एका अंगाशिवाय दुसरे पांगळे, अशी ही बांधणी.

पडद्यावर दिसणाऱ्या अंगाची बदनामी वेगळ्या कारणाने झाली. फ्रंटपेजने लिहिलेले एचटीएमएल उघडून पाहिले की जाणकार कपाळाला हात लावत. प्रत्येक परिच्छेदाला फॉन्टचा टॅग, त्यात आकाराचा टॅग, त्यात रंगाचा. जागा सोडायला रिकामे परिच्छेद. मांडणीसाठी तक्त्यात तक्ता. सरकत्या अक्षरांचा ‘मार्की’ एक्सप्लोररमध्ये पळे आणि नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरमध्ये निमूट उभा राही. जुन्या आवृत्त्या तर हाताने लिहिलेला कोडही न विचारता आपल्या पद्धतीने फिरवून लिहीत. मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर डिसेंबर १९९७ मध्ये आले ते ‘तुमच्या कोडला हात लावणार नाही’ हे वचन घेऊनच. फ्रंटपेजला ते २००० च्या आवृत्तीत द्यावे लागले. याशिवाय एक ठसठशीत खूण होती. नव्या पानाला फ्रंटपेज ‘न्यू पेज १’ असे शीर्षक देई. ते बदलायचे हजारोंच्या ध्यानात येत नसे, म्हणून शोधयंत्रात त्याच नावाची पाने रांगेने सापडत.

मराठीच्या बाबतीत या तक्रारीला एक पुरवणी जोडावी लागते. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी विंडोज २००० पासून आली आणि सर्रास वापरात यायला आणखी काही वर्षे गेली. तोवर मराठी पाने शिवाजी, किरण, शुषा, योगेश अशा फॉन्टांवर चालत. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. मराठी दिसायचा तो केवळ फॉन्टच्या नावामुळे. त्यामुळे ज्या फॉन्ट टॅगला जाणकार नाके मुरडत, तोच मराठी परिच्छेदाचा आधार होता. टॅग हाताने लिहिण्यापेक्षा मजकूर निवडून यादीतून ‘शुषा’वर टिचकी मारणे कितीतरी सोपे. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की मात्र अर्थहीन रोमन अक्षरांचा सडा पडे. शोधयंत्रालाही तेच दिसे. त्या काळातला मराठी मजकूर आज वाचायचा तर आधी तो कोणत्या फॉन्टातला हे ओळखून परिवर्तकातून काढावा लागतो, आणि ती ओळख पटवायला त्याच टॅगचा उपयोग होतो.

फ्रंटपेज वाईट कोडमुळे संपले, असे सर्रास सांगितले जाते. पण कोड आवृत्तीगणिक सुधारत होता आणि २००३ ची शेवटची आवृत्ती बरीच नीटनेटकी होती. तिच्यात कोड आणि पान एकाच खिडकीत वर-खाली दिसत, ड्रीमवीव्हरच्या धर्तीचे साचेही होते. खरा भार सर्व्हरवरच्या अंगाचा होता.

त्याची पहिली झळ सुरक्षेला लागली. युनिक्सवर एक्स्टेन्शन्स बेफिकिरीने बसवले तर सांकेतिक रूपातल्या पासवर्डांची फाइल वेबवरून कुणालाही उतरवून घेता येई. एप्रिल २००० मध्ये फ्रंटपेज ९८ च्या एक्स्टेन्शन्समधल्या एका फाइलीत उलट्या क्रमाने लिहिलेले वाक्य सापडले. ते सुलटे केल्यावर नेटस्केपच्या इंजिनिअरांना नेभळट म्हणणारे निघाले. हा गुप्त दरवाजाच आहे अशी आधी हाकाटी झाली. बारकाईने पाहिल्यावर तसे काही नव्हते, पण त्याच फाइलीत दुसरी खरी खोट आढळली आणि ती फाइल पुसून टाका, असे मायक्रोसॉफ्टलाच सांगावे लागले. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे एक्स्टेन्शन्सवर आधीही प्रेम नव्हते. आता नकाराला कारण मिळाले.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. फ्रंटपेज पान घडवी, प्रत्येक पान म्हणजे एक फाइल. ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर आले, मे २००३ मध्ये वर्डप्रेस. त्यांत लिहिणारा ब्राउझरमधल्या चौकटीत मजकूर टाकतो, तो डेटाबेसमध्ये जातो आणि तिथून साच्यात ओतून पान तयार होते. फॉर्म, शोध, अभिप्राय हे सारे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्ये आधीपासून असते. सर्व्हरवर तयार यंत्रणा ठेवून लिहिणाऱ्याला मोकळे करायचे, ही वर्मीरचीच युक्ती. फरक एवढाच, की इथे लिहिणाऱ्याच्या संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. फ्रंटपेजच्या जोडीतले एक अंग काढून टाकले तरी चालते, हे इतरांनी करून दाखवले. वीबली आणि विक्स २००६ मध्ये आले ते ब्राउझरमध्येच.

त्याच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज थांबवले आणि त्याची दोघांत वाटणी केली. व्यावसायिक वेब डिझायनरांसाठी एक्स्प्रेशन वेब, तर कंपन्यांच्या अंतर्गत साइटसाठी शेअरपॉइंट डिझायनर. क्लबचे पान, शाळेचे पान, घरच्या कुत्र्याचे पान करणारा जो मूळ गिऱ्हाईक, तो या वाटणीत कुठेच बसत नव्हता. एक्स्प्रेशन वेबने नवे सीएसएस मानक निष्ठेने पाळले, पण तोवर व्यावसायिक ड्रीमवीव्हरला सरावले होते. डिसेंबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते फुकट देऊन टाकले आणि विकास थांबवला. शेअरपॉइंट डिझायनरची २०१३ ची आवृत्ती शेवटची ठरली.

सर्व्हरवरचे अंग मात्र वेगळ्या नावाने तगले. २००१ मध्ये फ्रंटपेज २००२ बरोबर मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट टीम सर्व्हिसेस नावाची गोष्ट दिली होती. फायली, चर्चा, याद्या एका गटाने एकत्र सांभाळाव्यात यासाठीची ही साइट एक्स्टेन्शन्सच्याच पायावर उभी होती. तिचा पुढे जो वटवृक्ष झाला, तो शेअरपॉइंट आज जगभरातल्या कचेऱ्यांमध्ये चालतो. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत त्यावर काम करणारे कित्येक प्रोग्रॅमर रोज ज्या सेवांना साद घालतात, त्यांच्या पत्त्यात ‘व्हीटीआय’ ही तीन अक्षरे अजूनही असतात.

पुढील भागात : मॅकवर जन्मलेले ड्रीमवीव्हर, त्याला दत्तक घेणारी अडोबी आणि कोड लिहिणाऱ्यांची त्यावरची नाराजी.